तीनशे डॉलरमधला फ्लाय रॉड

फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे पिसा-दोऱ्याच्या खोट्या किड्याने (फ्लायने) मासे गरवण्यासाठी, एकूण ३०० डॉलर खर्चायची तयारी असेल तर रॉडवर त्यातल्या १५० च्या वर जाऊ नका. साठ-सत्तर लाइनला ठेवा, तेवढेच रिळाला, आणि उरलेल्यात लीडर (लाइनच्या पुढची निमुळती दोरी), टिपेट (तिच्या टोकाची बारीक दोरी) आणि डझनभर फ्लाय बसवा. परवान्याचे पैसे यात धरलेले नाहीत. कोलोराडोत १६ वर्षांपासून पुढे प्रत्येकाला तो लागतोच. डेन्व्हरला नव्याने आलेली मराठी मुलं गणपतीच्या कार्यक्रमात मला गाठतात, ती साधारण दोन प्रकारची असतात. एकाने रात्र रात्र व्हिडिओ बघून हजार डॉलरच्या रॉडवर जीव जडवलेला असतो. दुसऱ्याने चाळीस डॉलरचा सगळा संच एका डब्यात मागवूनही टाकलेला असतो. पहिल्याला मी थांबवते. दुसऱ्याला सांगते, आधी तो डबा परत पाठव, मग बोलू.

मी मूळची दाभोळ खाडीकाठची. आमच्याकडे मासे गरवायचे म्हणजे हातात दोरी, दोरीला गरी, जवळच शिशाचा तुकडा आणि गरीला कोळंबी. शिसं भिरकावलं की दोरी आपसूक त्याच्यामागे जाते. फ्लायचं नेमकं उलट आहे. तिच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळलेला असतो, बस्स; वजन म्हणाल तर नाहीच. तुम्ही फेकता ती लाइन, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. म्हणून इथं लाइनला वजनाचे नंबर असतात. पाच नंबरच्या, म्हणजे दुकानात ज्याला 'फाइव्ह वेट' म्हणतात त्या लाइनचे पुढचे ३० फूट साधारण १४० ग्रेन भरतात, म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅम. चार नंबरची १२०, सहाची १६०. रॉडवर जो आकडा छापलेला असतो तो या लाइनचा असतो. रॉडच्या ताकदीचा किंवा माशाच्या वजनाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. हे नऊ ग्रॅम मागे नेताना रॉड वाकला पाहिजे आणि पुढे थांबवताना सरळ झाला पाहिजे. तो एवढंच काम करतो. चांगल्या रॉडवर भिकार लाइन चढवली तर तो मुका होतो, आणि बेताच्या रॉडवर चांगली लाइन चढवली तर तो तुम्हाला चक्क चांगला वाटायला लागतो. पैशांची वाटणी मी सुरुवातीला तशी सांगितली ती यासाठी.

मापाचा फार काथ्याकूट करू नका. पहिला रॉड ९ फुटी, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा. डेन्व्हरच्या आसपास तुम्ही जिथं जिथं जाणार आहात, लिटलटनजवळचं वॉटरटन कॅन्यन, मॉरिसनचा बेअर क्रीक, गोल्डनवरून वर जाताना रस्त्याला चिकटून वाहणारा क्लिअर क्रीक, डेकर्सजवळची साउथ प्लॅट नदी, त्या सगळीकडे तो चालतो. झुडपांनी मिटलेल्या चिंचोळ्या ओढ्यांत साडेसात-आठ फुटी, तीन नंबरचा रॉड जास्त मजा देतो हे खरं. आणि साउथ पार्कच्या उघड्या माळावर, स्पिनी आणि इलेव्हनमाइल या दोन जलाशयांच्या मधल्या पट्ट्यात वारा सुटला की सहा नंबरचा असता तर बरं झालं असतं असं वाटतं. पण ते दुसऱ्या रॉडचे विचार झाले. पहिला घेतानाच दुकानदार 'आणि छोट्या ओढ्यांसाठी एक तीन नंबरचा' म्हणायला लागला तर हसून विषय बदला.

खरी दिशाभूल होते ती 'अॅक्शन' या शब्दावर. फास्ट, मीडियम-फास्ट, मीडियम, स्लो असे प्रकार. फास्ट रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो, मीडियम अर्ध्यापर्यंत वाकतो, स्लो मुठीपर्यंत. जाहिरातींत फास्टचा इतका उदोउदो असतो की नवा माणूस फास्ट म्हणजे भारी आणि स्लो म्हणजे हलका असंच धरून चालतो. फास्ट रॉड साठ-सत्तर फुटांवर, वाऱ्यात, जाणत्या हातात उत्तम. आपण मासा, म्हणजे इथल्या थंड पाण्यातला ट्राउट, कुठं पकडतो? वॉटरटनला बहुतेक वेळा तो दगडामागे, वीस-पंचवीस फुटांवर असतो. तेवढी लाइन बाहेर असताना कडक रॉड वाकतच नाही. त्याला वाकवायला नवशिक्या हात जोर लावतो, जोर लावला की लाइन मागच्या झाडाला जाते, आणि मग 'मला जमत नाही' म्हणून सामान गॅरेजमध्ये जाऊन पडतं.

म्हणजे मग मऊच घ्यावा का? तसंही नाही. डेकर्सला मासे बहुतेक वेळ तळाशी खातात. तिथं लीडरवर दोन अगदी बारीक फ्लाय, २० ते २४ नंबरच्या (फ्लायचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक), त्यांच्या वर शिशाचे एक-दोन दाणे आणि त्याहून वर रंगीत इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता गोळा), असं लटांबर फेकावं लागतं. याच नदीसाठी रिम चुंग नावाच्या डेन्व्हरच्या मच्छीमाराने 'आर-एस-टू' ही फ्लाय बांधली. आज ती जगभर चालते, आणि डेकर्सला माझ्या दोन फ्लायपैकी एक हमखास तीच असते. तर हे लटांबर फार मऊ रॉडवर गटांगळ्या खातं, आणि मासा लागल्यावर रॉड उचलताना क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात मासा फ्लाय थुंकून मोकळा. म्हणून मधला मार्ग: मीडियम-फास्ट. हातात घेऊन दुकानात नुसता हलवून हे कळत नाही. छताकडे बघत रॉड झुलवणारे गिऱ्हाईक दर शनिवारी दिसतात. लाइनशिवाय झुलवला की सगळेच रॉड छान वाटतात.

बाहेर नेऊन, लाइन फेकून म्हणजे 'मारून' बघायचं. इथल्या कुठल्याही धड दुकानात तसं सांगितलं तर कुणी भुवया उंचावत नाही. पार्किंगमध्ये नाहीतर शेजारच्या हिरवळीवर ते स्वतः घेऊन जातात. ज्या किमतीचा रॉड घेणार आहात त्याच किमतीचे दोन-तीन रॉड मागा, आणि सगळ्यांवर एकाच प्रकारची लाइन चढवायला सांगा. हे महत्त्वाचं आहे, कारण काही लाइनी मुद्दाम अर्धा किंवा एक नंबर जड बनवलेल्या असतात, आणि त्यांच्यावर कडक रॉडसुद्धा मवाळ वाटतो. आता दुकानदार दिमाखात पन्नास फूट मारून दाखवील. दाखवू दे. तुम्ही मात्र रॉडच्या टोकापासून फक्त वीस फूट लाइन काढा आणि सावकाश, घाई न करता मारा. लाइन पुढे नीट उलगडली का? मागे लाइन सरळ होताना मुठीत ओढ जाणवली का? मग पस्तीस फूट. शेवटी लाइन जवळजवळ सगळी आत घेऊन नुसत्या लीडरवर, दहा-बारा फुटांवर टाकून बघा. या शेवटच्या परीक्षेत महागडे रॉडही कधीकधी नापास होतात.

आणखी एक गोष्ट बघायची ती शेंड्यावर. पुढे मारून रॉड झटकन थांबवा आणि टोकाकडे बघा. चांगला रॉड एकदा हलून स्थिर होतो. स्वस्तातला वाईट रॉड तीन-चारदा थरथरतो, आणि ती प्रत्येक थरथर लाट होऊन लाइनमध्ये उतरते. दीडशे डॉलरच्या आणि चाळीस डॉलरच्या रॉडमधला फरक मला विचाराल तर मी हाच दाखवते. दीडशे आणि हजार यांच्यातही फरक आहे. हलकेपणा, शेंडा चटकन शांत होणं, रीळ बसवायची लाकडी जागा, सुंदर रंग. पण नवशिक्याच्या हातात त्यातलं फार थोडं पोचतं.

आता बोटांचं काम. कॉर्कची मूठ हातात घ्या आणि अंगठ्याने दाबत फिरवा. कॉर्कला भोकं असतातच. स्वस्त मुठींत ती तपकिरी लांबीने (पुट्टीने) बुजवलेली असतात, आणि ती लांबी वर्षभरात झडते. थोडी लांबी चालेल, पण मूठभर चट्टे दिसले तर दुसरा नग मागा. एकाच किमतीच्या दोन नगांत बराच फरक असतो. मुठीचा आकार बायकांनी जरूर बघावा. पाच नंबरच्या रॉडला सहसा सिगारसारखी किंवा पुढे किंचित फुगीर मूठ असते. जाड मुठीवर लहान हात दहा मिनिटांत दुखायला लागतो, आणि हे दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. मग रॉड जोडा. तुकडे सरळ खुपसायचे नाहीत: पाव वळसा तिरपा लावायचा आणि सरळ करत करत आत ढकलायचा. सांध्यावर ठिपके असतील तर ते एका रेषेत येतात. तसं जोडल्यावर एक डोळा मिटून मुठीकडून शेंड्याकडे बघा. लाइन ज्यांतून जाते त्या सगळ्या कड्या एका ओळीत हव्यात. एखादी कडी कलली असेल, किंवा कडी बांधणाऱ्या दोऱ्यावरच्या इपॉक्सी गोंदात बुडबुडे असतील, तर तो नग ठेवून द्या. टोकाच्या कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथं ओरखडा आहे, आणि तो तुमची लाइन खाणार. रीळ बसवून, खालच्या दोन्ही चकत्या आवळून, हलवून बघा. खडखडलं तर नको.

रॉड माशामुळे मोडत नाहीत, निदान माझ्या ओळखीतले तरी नाही. गाडीच्या दारात मोडतात, गॅरेजच्या शटरखाली मोडतात, छताच्या पंख्यात मोडतात. बारीक दिसणारा शेंड्याचा तुकडा आधी जातो. म्हणून स्वस्त रॉड घेताना हमी आधी वाचायची. ऑर्विस आपल्या रॉडना २५ वर्षांची हमी देते. रेडिंग्टन, एको यांसारख्या कंपन्या पहिल्या मालकाला आजन्म हमी देतात. हमी म्हणजे फुकट नव्हे. पाठवणीचा आणि हाताळणीचा खर्च बहुधा तुमचाच, आणि तो रॉडच्या किमतीच्या बऱ्यापैकी टक्क्यांत जाऊ शकतो. पण तुटलेला तुकडा मिळतो. नाव नसलेल्या चाळीस डॉलरच्या रॉडचा शेंडा मोडला तर तो तुकडा जगात कुठेही मिळत नाही, उरलेले तीन तुकडे टोमॅटोच्या वेलांना आधार म्हणून लावा.

नावं सांगते, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. रेडिंग्टनचा 'क्लासिक ट्राउट' मऊसर आहे, लहान पाण्यावर आणि वर तरंगणाऱ्या फ्लायवर गोड चालतो. शिशाचे दाणे मारायला मला तो कमी पडतो. एकोचा 'बेस' आणि टेंपल फोर्कचा 'एन-एक्स-टी' हे दोन्ही सरळमार्गी, दिसायला साधे, काम चोख. बजेट थोडं ताणता आलं तर ऑर्विसचा 'क्लिअरवॉटर'. तो रॉडच दोनशेच्या वर जातो, म्हणजे आपल्या तीनशेच्या हिशेबात बसत नाही, पण ज्याला पुन्हा रॉड घ्यायचाच नाही त्याला मी तो सुचवते. किमती वरखाली होतात. जुनं मॉडेल बंद होऊन नवं येतं तेव्हा जुनं बरंच उतरतं, आणि दोघांमधला फरक पुष्कळदा रंगाचा असतो.

रॉड, रीळ, लाइन असा तयार संच घ्यावा का? घ्यावा, जर संच रॉडच्याच कंपनीचा असेल आणि दुकानात लाइन चढवून मिळणार असेल तर. अशा संचातली लाइन एक हंगाम पुरते. ती पाण्यात बुडायला लागली, तिला चिरा पडल्या की चांगली आणा, आणि तेव्हा रॉड नवा घेतल्यासारखा वाटेल. रिळाबद्दल दोन वाक्यं पुरेत. ट्राउटच्या रिळाचं मुख्य काम लाइन गुंडाळून ठेवणं हे आहे. हलकं असावं, धातूचं असलं तर बरं, आणि हँडल डावी-उजवीकडे बदलता यावं. पाणी आत न जाणाऱ्या ब्रेकचे जादा पैसे समुद्रातल्या माशांसाठी ठेवा.

सेकंडहँडमध्ये खरी लूट आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, थंडी पडली की लोक गॅरेज आवरायला काढतात आणि दोनशेचा रॉड ऐंशीला मिळून जातो. फक्त टेप घेऊन जा. चारही तुकडे सहसा एका लांबीचे असतात. शेंड्याचा तुकडा दोन इंच आखूड भरला तर तो मोडून पुन्हा कडी चिकटवलेली आहे, मग विकणारा काहीही सांगो. सांध्यांच्या तोंडाशी नखाने उभी चीर शोधा. रॉड जोडून हळूच हलवा. सांध्यात टक्-टक् आवाज आला तर तो सांधा झिजलाय. आणि आजन्म हमी बहुतेक कंपन्यांत पहिल्या मालकापुरतीच असते, ती किमतीतून वजा करा.

तीनशेसुद्धा जास्त वाटत असतील तर एक वाट आहे: तेंकारा. जपानच्या डोंगरी ओढ्यांतली ही पद्धत. एकात एक सरकणारी बारा-एक फुटी काठी, तिच्या टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची दोरी, रीळ नाहीच. आमच्या खाडीवर पोरं बांबूच्या काठीला दोरी बांधून बसायची, तिची ही हलकी, शिकलेली मावसबहीण. क्लिअर क्रीकसारख्या खळाळत्या, अरुंद पाण्यावर ती फ्लाय रॉडपेक्षा सोपी जाते. शंभर डॉलरच्या आसपास सुरुवात होते. मोठ्या नदीवर मात्र लांबची मासळी तुमच्याकडे बघत बसते.

बरेच जण विचारतात, सुट्टीत भारतात नेता येईल का. चार तुकड्यांच्या ९ फुटी रॉडची नळी जेमतेम अडीच फूट असते, त्यामुळे ती नेणं सोपं. फ्लाय आणि कात्र्या तेवढ्या चेक-इन बॅगेत टाका, सुरक्षातपासणीवर आकड्यांवरून वाद घालायला नको. हिमाचलात तीर्थन नदीवर, किंवा बरोटला उहल नदीवर ट्राउट आहेत, आणि तिथं हाच पाच नंबरचा रॉड बरोब्बर आहे. राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, म्हणजे डिसेंबरच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी रॉड इथंच ठेवावा. महसीरचा विचार पाच नंबरवर करू नका. तो मासा आणि ते पाणी दोन्ही आडदांड. तिथं आठ नंबरची तयारी हवी. दाभोळला मी रॉड एकदाच नेला. आईने सगळं ऐकून घेतलं, ट्राउट पकडून परत पाण्यात सोडते हेही ऐकलं, आणि विचारलं, "धरलास आणि सोडलास? मग गेलीस कशाला?" साउथ प्लॅटच्या चीझमन कॅन्यनमध्ये पकडलेला प्रत्येक ट्राउट सोडावाच लागतो, तसा नियमच आहे, हे तिला अजून पटलेलं नाही.

विकत घेतल्याच्या दिवशीच दुकानातून दोन कामं करून घ्या: रिळावर बॅकिंग (लाइनच्या मागची जादा दोरी) आणि लाइन चढवून, पुढे ९ फुटी, ५-एक्स (हा जाडीचा नंबर) लीडर जोडून द्यायला सांगा. बहुतेक ठिकाणी याचे वेगळे पैसे घेत नाहीत, आणि घरी यूट्यूब बघत गाठी मारण्यात जाणारी संध्याकाळ वाचते. पहिले काही दिवस फ्लायऐवजी लीडरच्या टोकाला लोकरीचा लहान तुकडा बांधून बागेत हिरवळीवर सराव करा. डांबरावर नको, लाइन खरवडते. घरी आल्यावर रॉड ओला नळीत घालू नका, कापडी पिशवीसकट रात्रभर नळीबाहेर ठेवा. सांध्यांना कधीमधी साध्या मेणबत्तीचं मेण चोळा. आणि सांधा अडकलाच तर कड्यांना धरून पिळू नका, कड्या उपटून येतात. खाली वाका, रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरून सांध्याच्या अलीकडे-पलीकडे घट्ट पकडा, आणि हात न ओढता नुसते गुडघे बाहेर फाकवा. टप्प करून सुटतो. पार्किंगमध्ये बघणारे हसतील, हसू देत.